चोरीला गेलेलं यंत्र आणि आतली माहिती

(कोयनानगर येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय वरवर पाहता कॉम्प्युटर इंजिनिअरांचा वाटेल, पण मी तो इतिहासाच्या वाटेनं मांडणार आहे. प्रश्न साधा आहे. लॅपटॉप किंवा कॉम्प्युटर चोरीला गेला, तर त्यातली माहिती वाचते का? आणि ज्याला डिस्क एन्क्रिप्शन म्हणतात, म्हणजे डिस्कवरचा सगळा मजकूर किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करून ठेवणं, त्याचा अशा वेळी कितपत उपयोग होतो?

हा विषय कोयनानगरात का, असं कुणी विचारेल. कारण इथल्या माणसाला कागदाची किंमत समजावून सांगावी लागत नाही. धरण झालं, शंभराच्या आसपास गावं उठली, माणसं सातारा, सांगली, सोलापूरपासून रायगड-ठाण्यापर्यंत पांगली. कुणाची किती जमीन गेली, बदल्यात किती मिळाली, वारस कोण, हे सगळं कागदावर. साठ वर्षं उलटून गेली तरी काही घरांचा हक्क अजून एखाद्या यादीतल्या एका ओळीवर अडलेला आहे. आता या याद्या कॉम्प्युटरमध्ये चालल्या आहेत. म्हणून कॉम्प्युटरच्या कुलपाचा प्रश्न इथल्या घराघरापर्यंत येतो.

पहिल्यांदा प्रश्नाचे तीन तुकडे करू. एक, माझी माहिती परक्यानं वाचली का? दोन, ती कुणी बदलली का? तीन, मला हवी तेव्हा ती मिळेल का? कुलूप म्हटलं की आपल्याला तिन्ही गोष्टी एकदम सुरक्षित झाल्यासारखं वाटतं. तसं नसतं. आपल्या जुन्या लोकांना हा फरक चांगला ठाऊक होता.

शिवकालीन पत्र बघा. वर शिक्का आणि शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरं आहेत. म्हणजे पत्राची मर्यादा इथे संपली, याखाली कुणी ओळ वाढवली तर ती आमची नव्हे. लांब कागद असेल तर एकाखाली एक बंद चिकटवायचे आणि मागच्या बाजूनं जोडावर शिक्का मारायचा, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालता येऊ नये. आता यात गुप्तता काही आहे का? अजिबात नाही. पत्र कुणीही वाचावं. बंदोबस्त आहे तो बदल होऊ नये याचा. हा आपला दुसरा प्रश्न.

पहिल्या प्रश्नाचं उदाहरण आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो आहोत. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर काय झालं ते नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून कळलं, असं परंपरेनं सांगतात. पत्रात माणसांची नावं नव्हती. मोती गळाले, मोहरा हरवल्या, चिल्लर किती गेली त्याची गणती नाही, अशी व्यापाऱ्याची भाषा होती. जासूद वाटेत पकडला गेला तरी पकडणाऱ्याला वाटावं, हा सावकाराचा तोट्याचा हिशोब आहे. पण ज्याला आघाडीवर कोण कोण आहे हे माहीत, त्याला ‘मोती’ म्हणजे कोण ते ओळखायला किती वेळ लागणार? हे कुलूप अनोळखी माणसापुरतं होतं.

तिसरी गोष्ट मोडीची. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल आहेत. आज ते सामान्य मराठी माणसाला वाचता येत नाहीत. म्हणून काहीजण गमतीनं मोडीला गुप्तलिपी म्हणतात. तसं ते नाही. ती रोजच्या कारभाराची, भरभर लिहायची लिपी होती. वाचणारे कमी झाले एवढंच. जो कुणी वर्ग लावून मोडी शिकेल त्याच्यापुढे सगळं दप्तर उघडं. यातून एक नियम निघतो. पद्धत लोकांना माहीत नाही, एवढ्याच भरवशावर उभी असलेली गुप्तता फार दिवस टिकत नाही.

हाच नियम १८८३ साली ऑगस्ट केर्कहॉफ्स या भाषातज्ज्ञानं पॅरिसमध्ये लष्करी सांकेतिक लेखनावर लिहिताना मांडला. त्याचं म्हणणं असं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये. गुपित असावं ते फक्त किल्लीत. लक्षात घ्या, यंत्र चोरीला जाणार हे त्यानं गृहीतच धरलं होतं. आजचं डिस्क एन्क्रिप्शन याच पायावर उभं आहे.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. १९७७ मध्ये अमेरिकी सरकारनं ‘डीईएस’ नावाची पद्धत प्रमाण म्हणून स्वीकारली. तिची किल्ली ५६ बिटांची. म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या १७ आकडी. त्या काळात ती पुरेशी वाटली. पण १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं अडीच लाख डॉलरच्या आत खर्च करून एक खास यंत्र बांधलं आणि ५६ तासांत किल्ली शोधून दाखवली. मग २००१ मध्ये ‘एईएस’ आली. बेल्जियमच्या योआन डेमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांची ही रचना. हिची सगळ्यात छोटी किल्ली १२८ बिटांची, म्हणजे शक्य किल्ल्यांची संख्या ३९ आकडी. एकेक किल्ली लावून बघायची म्हटली तर जगातले सगळे कॉम्प्युटर लावूनही ते काम आटोक्यात येत नाही. पुढे मॅकवर ‘फाइलव्हॉल्ट’, लिनक्सवर ‘लक्स’, आणि २००७ मध्ये विंडोज व्हिस्टाबरोबर ‘बिटलॉकर’ आलं, आणि संपूर्ण डिस्कला कुलूप लावणं सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

इथे एक गैरसमज काढून टाकू. कॉम्प्युटर सुरू करताना आपण पासवर्ड टाकतो, म्हणजे माहिती कुलपात आहे, असं बऱ्याच जणांना वाटतं. तो नुसता दारावरचा रखवालदार आहे. चोर दारानं येतच नाही. तो चार स्क्रू काढतो, डिस्क बाहेर घेतो, दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडतो आणि सगळं वाचतो. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर मात्र त्याला नुसता अर्थहीन आकड्यांचा ढीग दिसतो. हा फरक मोठा आहे.

तो किती मोठा, हे अमेरिकेला २००६ मध्ये कळलं. ३ मे रोजी माजी सैनिकांच्या खात्यातल्या एका कर्मचाऱ्याच्या घरी चोरी झाली आणि लॅपटॉप व बाहेरची हार्ड डिस्क गेली. त्यात सुमारे २ कोटी ६५ लाख लोकांची नावं, जन्मतारखा, ओळख क्रमांक होते. एन्क्रिप्शन नव्हतं. जूनअखेरीस यंत्र परत मिळालं आणि माहिती कुणी उघडलेली दिसत नाही असं तपासयंत्रणेनं सांगितलं. पण मधले दोन महिने कोट्यवधी घरांच्या डोक्यावर टांगती तलवार होती. त्याच जूनमध्ये सरकारी लॅपटॉपवरची संवेदनशील माहिती एन्क्रिप्ट करा, असं फर्मान निघालं. चोराला लॅपटॉप विकून चार पैसे हवे असतात, आतल्या याद्या नको असतात, हे बहुतेक वेळा खरं. पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दावर कोट्यवधी लोकांची माहिती ठेवता येत नाही.

मग कुलूप लावलं की झालं का? २००८ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठातल्या ॲलेक्स हाल्डरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याचं उत्तर दिलं. कॉम्प्युटर चालू असताना डिस्कची किल्ली त्याच्या तात्पुरत्या मेमरीत, म्हणजे रॅममध्ये असते. वीज गेली की रॅम लगेच कोरी होते, अशी समजूत होती. यांनी दाखवलं की ती काही सेकंद, आणि चिप उणे ५० अंशांपर्यंत थंड केली तर काही मिनिटंसुद्धा मजकूर धरून ठेवते. धूळ उडवायचा हवेचा डबा उलटा धरून त्यांनी चिप गार केली आणि किल्ली काढून घेतली. बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट, लिनक्सची पद्धत, सगळी कुलपं उघडली. एईएसचं गणित कुणी मोडलं नव्हतं. किल्ली दारालाच लटकत होती, ती उचलली.

२०१३ मध्ये याहून सोपा प्रकार झाला. इंटरनेटवर अमली पदार्थांचा बाजार चालवणाऱ्या रॉस उलब्रिख्टला सॅन फ्रान्सिस्कोच्या एका वाचनालयात पकडलं. त्याचा लॅपटॉप एन्क्रिप्टेड होता, झाकण मिटलं की तपास संपला. म्हणून तपास अधिकाऱ्यांपैकी दोघांनी त्याच्या पाठीमागे भांडणाचं नाटक केलं. त्यानं मान वळवली, आणि तेवढ्यात उघडा लॅपटॉप ओढून घेतला. आणि २०२४ मध्ये एका संशोधकानं एका जुन्या लॅपटॉपमधली बिटलॉकरची किल्ली ४३ सेकंदांत मिळवून दाखवली. त्या रचनेत किल्ली वेगळ्या सुरक्षा चिपमध्ये असते आणि मालकानं पिन टाकला नाही तरी सुरू होताना ती प्रोसेसरकडे पाठवली जाते. त्यानं मधल्या तारेवर कान लावला, एवढंच.

या तिन्ही प्रकारांत सूत्र एकच आहे. कुलूप मजबूत असतं, पण किल्ली कुठे ठेवली आहे त्यावर सगळं ठरतं. आपण गावाला जाताना किल्ली कोनाड्यात ठेवतो. शेजाऱ्याला ती सापडते, तशी चोरालाही सापडते.

आता या सगळ्याचं आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण. तेही चोरीला गेलेल्या कॉम्प्युटरचंच आहे, फक्त आपण त्याला कॉम्प्युटर म्हणत नाही. मतदान यंत्र.

एप्रिल २०१० मध्ये हैदराबादचे अभियंते हरिप्रसाद, मघाचाच ॲलेक्स हाल्डरमन, जो आता मिशिगन विद्यापीठात होता, आणि नेदरलँड्सचे रॉप खोंगग्रिप यांनी जाहीर केलं की आम्ही भारतातलं खरं मतदान यंत्र उघडून तपासलं आहे. यंत्र त्यांना कुणीतरी नाव न सांगण्याच्या अटीवर दिलं होतं. नंतर कळलं की ते मुंबईतलं, जुन्या कस्टम हाउसमध्ये ठेवलेल्या यंत्रांपैकी. पोलिसांत तक्रार झाली. २१ ऑगस्टला हरिप्रसादांना हैदराबादेत अटक करून मुंबईला आणलं. यंत्र कुणी दिलं, हे त्यांनी सांगितलं नाही. सुमारे आठवड्यानं जामीन झाला. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशननं, म्हणजे ज्यांनी डीईएस मोडून दाखवलं होतं त्यांनीच, हरिप्रसादांना आपला पुरस्कार दिला. एकीकडे चोरीचा गुन्हा, दुसरीकडे सन्मान.

राजकारण बाजूला ठेवून, आत काय सापडलं ते आपल्या तीन प्रश्नांच्या हिशोबानं बघू. मतं दोन छोट्या मेमरी चिपमध्ये साठवलेली होती, आणि त्यांना एन्क्रिप्शन वगैरे काही नव्हतं. संशोधकांनी चिमट्यासारखं एक छोटं यंत्र केलं. ते चिपला लावलं की मतं वाचता येत होती आणि बदलताही येत होती. शिवाय मतं ज्या क्रमानं पडली त्याच क्रमानं साठवलेली. म्हणजे केंद्रावरची मतदारांची वही आणि ही चिप शेजारी ठेवली, तर कुणी कुणाला मत दिलं हेही निघू शकतं. पहिला प्रश्न आणि दुसरा प्रश्न, दोन्हींचं उत्तर वाईट.

निवडणूक आयोगाची बाजू अशी होती की यंत्र एकटं कधीच नसतं. सील असतं, पहारा असतं, उमेदवारांच्या प्रतिनिधींच्या सह्या असतात, कुठलं यंत्र कुठल्या केंद्रावर जाणार हे आधी कळत नाही. म्हणजे बंदोबस्त यंत्राच्या आत नसून बाहेर आहे. लाख, दोरा, कागद आणि सही. मोर्तबाचीच परंपरा. संशोधक म्हणत होते, ही सीलं सहज नक्कल करता येतील अशी आहेत. आयोग म्हणत होता, नुसत्या सीलवर आम्ही थांबत नाही. दोघांचा वाद मुळात यावर होता की चोराच्या हाती यंत्र पडेल हे गृहीत धरायचं की नाही.

आता माझा मुद्दा. त्या चिपवरची मतं एन्क्रिप्ट केली असती तर प्रश्न सुटला असता का? गुप्ततेपुरता थोडा सुटला असता. पण किल्ली कुठे ठेवणार? मतदान केंद्रावर कुणी पासवर्ड टाकत बसत नाही. किल्ली यंत्रातच ठेवावी लागणार. यंत्र गेलं की किल्लीही गेली. दुसरं म्हणजे एन्क्रिप्शन वाचण्यापासून राखतं, बदलण्यापासून राखेलच असं नाही. आधीच्या वेळची जुनी, पण बिनचूक एन्क्रिप्ट केलेली नोंद परत जागेवर घातली तर साध्या पद्धतीला ते कळतही नाही. बदल ओळखायला वेगळी व्यवस्था लागते, आणि निवडणुकीत तर यंत्राबाहेरचा स्वतंत्र पुरावा लागतो. पुढे झालंही तसंच. ऑक्टोबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मतदाराला दिसेल अशी कागदी चिठ्ठी टप्प्याटप्प्यानं आणायला सांगितलं. २०१३ नंतरच्या यंत्रांत छेडछाड ओळखण्याची सोय आहे, असं आयोग सांगतो. आणि एप्रिल २०२४ च्या निकालात न्यायालयानं चिन्हं भरणारी युनिटंसुद्धा सीलबंद करून निकालानंतर ४५ दिवस जपायला सांगितली. पुन्हा सील. पुन्हा मोर्तब.

त्याच वर्षी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, सासवडच्या तहसील कार्यालयातून मतदान यंत्राचं एक कंट्रोल युनिट चोरीला गेलं. ते जनजागृती आणि प्रशिक्षणासाठीचं होतं, खऱ्या मतदानाचं नव्हे, असं सांगण्यात आलं. चोर पकडले गेले, यंत्र मिळालं, अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली. तेव्हा यंत्र चोरीला जातं का, हा वादाचा विषय उरलेला नाही. केर्कहॉफ्सनं म्हटलं तसं, ते जाणार असं धरूनच चालावं.

नाण्याची दुसरी बाजूही सांगतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एकही कॉम्प्युटर चोरीला गेला नाही, कुणी खिडकी फोडली नाही. चोर नेटवर्कमधून चालू यंत्रणेत शिरले. अशा वेळी डिस्क एन्क्रिप्शन काहीही करू शकत नाही, कारण यंत्र चालू आहे, कुलूप मालकानंच उघडून ठेवलेलं आहे. डिस्क एन्क्रिप्शन हा बंद पडलेल्या, हातातून गेलेल्या यंत्राचा बंदोबस्त आहे. त्याच्याकडून बाकीची अपेक्षा करू नये.

आता तिसरा प्रश्न राहिला. हवी तेव्हा माहिती मिळेल का? इथे कोयनेकडे परत येतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. इथल्या जुन्या माणसांना त्याबद्दल काही सांगायची गरज नाही. सुमारे १८० माणसं गेली, कोयनानगरची घरं कोसळली. त्या अंधारात धरणाच्या आत बसवलेलं एक उपकरण मात्र चालू राहिलं आणि त्यानं धक्क्याची नोंद केली. गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या ६३ टक्क्यांपर्यंत आडवा हिसका. ती नोंद जगभर गेली. काँक्रीटची धरणं भूकंपात कशी वागतील हे तपासताना आजही अभियंते कोयनेची नोंद वापरतात. तिची किंमत कशात आहे? ती उघडी आहे, आणि तिच्या प्रती हजार ठिकाणी आहेत. त्या नोंदीला कुलूप लावलं असतं आणि किल्लीवाला त्या पहाटे ढिगाऱ्याखाली गेला असता, तर?

हे नुसतं कल्पनेचं बोलणं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरची गोष्ट गाजली. त्याची ७००२ बिटकॉइन एका एन्क्रिप्टेड पेन ड्राइव्हमध्ये होती आणि पासवर्डचा कागद हरवला होता. दहा प्रयत्न चुकले की ड्राइव्ह कायमची बंद. आठ करून झाले होते. कुलपाला मालक आणि चोर यांतला फरक कळत नाही. किल्ली आहे की नाही, एवढंच त्याला कळतं.

म्हणून धरणग्रस्तांच्या याद्यांसारखी माहिती असेल तर तिन्ही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आधार क्रमांक, बँक खाती असलेला लॅपटॉप चोरीला गेला तर? त्याला डिस्क एन्क्रिप्शन हवंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. यादीतलं नाव कुणी बदललं तर? त्याला एन्क्रिप्शन पुरणार नाही, कुणी कधी काय बदललं याची नोंद हवी आणि सहीची प्रत खातेदाराच्याही हातात हवी. आणि यंत्रच गेलं, जळलं, बुडालं तर? त्याला दुसऱ्या ठिकाणी ठेवलेली प्रत हवी. इथल्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान कुणीतरी त्याची यादी वाचल्यानं होत नाही, ती यादी नाहीशी झाल्यानं होतं.

(व्याख्यानानंतर आलेल्या प्रश्नांपैकी दोन.)

प्रश्न: सर, मग घरच्या लॅपटॉपला नेमकं करायचं काय?

उत्तर: चार गोष्टी करा. डिस्क एन्क्रिप्शन चालू आहे का ते सेटिंगमध्ये बघा. पासवर्ड लांब ठेवा. ‘कोयना१२३’ असा ठेवलात तर चोराला ३९ आकडी संख्येशी झुंजावं लागत नाही, तो आधी असे सोपे शब्दच लावून बघतो. एसटीत किंवा रेल्वेत बसताना लॅपटॉप नुसता मिटू नका, पूर्ण बंद करा. झोपलेल्या लॅपटॉपमध्ये किल्ली जागी असते. आणि महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, वेगळ्या घरात ठेवा. तीही एन्क्रिप्ट केलेली.

प्रश्न: पासवर्ड विसरलो तर दुकानदार उघडून देईल का?

उत्तर: नाही. आणि तो उघडून देऊ शकत असेल, तर चोरालाही देऊ शकेल. बिटलॉकर लावताना ४८ आकड्यांची एक रिकव्हरी की मिळते. नव्या विंडोजमध्ये एन्क्रिप्शन पुष्कळदा आपोआप सुरू होतं आणि ही की तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं. आज घरी गेल्यावर ती शोधा, कागदावर लिहून घ्या आणि तो कागद जमिनीच्या कागदपत्रांच्या पिशवीत ठेवा. लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका.